सोन्याच्या गावाहून नंदा परत आली

लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणत. मी गेली काही वर्षं नंदाकडे सिंगापुरात येऊन-जाऊन राहतो आणि पाणीच काय, सकाळचा चहा दोनदा घेतो. म्हणणारी माणसं सगळी वर गेली, आता विचारतो कोण? शिक्षण म्हणाल तर गावच्या शाळेतली सातवी फायनल. पुढे जन्मभर संगमनेरच्या बाजूला पिठाची गिरणी चालवली. दळणाला आलेल्या माणसाला थांबावं लागतं, आणि थांबलेल्या माणसाला गोष्ट लागते. तेव्हापासून हे तोंड सुटलंय ते सुटलंच.

सिंगापूर मला पहिल्या दिवसापासून आवडलं. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, फलाटावर उभा होतो, तर वरच्या भोंग्यातून कुणी बाई मलय भाषेत काहीतरी बोलली आणि त्यात मला 'हाती, हाती' ऐकू आलं. मी नंदाचा हात धरून तिला मागे ओढली. म्हटलं, "अगं, हत्ती येतोय म्हणते ती!" नंदा इतकी हसली की गाडी चुकली. म्हणाली, "अण्णा, सांभाळून उभे राहा म्हणतेय ती." मी म्हटलं, "हत्ती आल्यावर आमच्याकडेही हेच सांगतात."

ती हसलेली नंदा आधी सांगून घेतली. कारण आज सांगायचंय ते तिच्याबद्दलच, आणि पुढे हसण्यासारखं फार नाही.

नंदा लहानपणापासून मुळं धरणारी. मामाकडे पाठवली की पहिले दोन दिवस दारात बसून रडायची, आणि सुट्टी संपल्यावर आणायला गेलो की मामाच्या ओसरीचा खांब धरून रडायची. तिची आई म्हणायची, "ही पोर नव्हे, अळूचा कंद आहे. लावाल तिथे रुजेल, पण सारखी उपटू नका." अशा पोरीला नेमका नवरा मिळाला, आमचे निशिकांतराव.

माणूस लाख, हे आधीच सांगतो. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यांत थेंब घालायला दुपारी ऑफिसातून घरी यायचे. सख्खा मुलगा काय करील! पण पायाला भिंगरी. नाशिक झालं, पुणं झालं, मस्कत झालं, हैदराबाद झालं. नव्या गावात पहिल्या वर्षी सगळं सुंदर. दुसऱ्या वर्षी "इथे काही पुढे नाही." आणि मग खोकी. पुण्याला झोपाळा राहिला, मस्कतला शिलाई मशीन राहिलं, हैदराबादला तर नुकतं घातलेलं लोणचं बरणीसकट शेजारणीला देऊन आली. दर वेळी निशिकांतरावांचं एकच: "राहू दे गं, तिकडे नवं घेऊ." आणि घ्यायचेही, खोटं कशाला बोलू? पण नंदाची नोकरी दुकानात मिळत नव्हती. ती हिशेबाच्या कामात हुशार. कुठल्याही ऑफिसात तिचं बस्तान बसायला दोन वर्षं लागायची, आणि बसलं की उठायचं. पुढच्या गावी पुन्हा सगळ्यात धाकट्या पोरीच्या शेजारचं टेबल.

सिंगापुरात पहिल्यांदा वेगळं झालं. बुकित तिमाहला एका कॉन्डोत, म्हणजे पहारेकरी असलेल्या मोठ्या सोसायटीत, भाड्यानं घर घेतलं. निशिकांतराव वन-नॉर्थला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघायचे. माझी नात अनुया इथल्या शाळेत जायला लागली. नंदाला काही दिवसांनी चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या हिशेबखात्यात जागा मिळाली. घर बेटाच्या एका अंगाला, ऑफिस दुसऱ्या. मी म्हटलं, "पोरी, जायला-यायलाच दिवस जाईल."

"जाऊ दे अण्णा. माझं आहे ते."

पुढे ती तिथे दहा-बारा माणसांवर मुख्य झाली. सगळ्यांचं पीआर झालं, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी मिळाली. घराखालच्या हॉकर सेंटरातली, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारातली, चिनी चहावाली नंदाला लांबून पाहिलं की न विचारता बिनसाखरेचा चहा ओतायला घ्यायची. तेवढ्याचं नंदाला केवढं कौतुक! "मी कोण ते तिला माहीत आहे, अण्णा," म्हणायची. बाल्कनीत कढीपत्ता लावला होता, तो माझ्या कमरेला लागला. मी मनात म्हटलं, कंद रुजला.

२००७च्या गणपतीत मोदक खाता खाता निशिकांतरावांनी मेलबर्नचा विषय काढला. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा त्यांनी आधीच सगळ्यांचा काढून ठेवला होता. नंदानंही तेव्हा सही केली होती, असू दे जवळ, जायचंय कुठे असं म्हणून. आता ते म्हणाले, "अण्णा, इथे काही पुढे नाही हो." नंदा मोदकाचं नाक मोडत होती, तिचा हात तिथेच थांबला. ते उठून गेल्यावर मला म्हणाली, "आता नाही, अण्णा. परत पहिल्यापासून नाही. या वेळी हे सगळं सोडून मी गेले तर माझं म्हणून काही उरायचं नाही."

"त्यांना सांगितलंस का असं?"

"सांगितलं. म्हणाले, तू नको म्हणत असशील तर मी कुणाला हो म्हणणार नाही."

मी निर्धास्त झालो. जावयानं शब्द दिला होता.

अनुयाची इथली सहावीची मोठी परीक्षा पार पडली आणि निशिकांतरावांनी डिसेंबरात ऑस्ट्रेलियाची सहल ठरवली.

"नुसतं फिरायला ना?" नंदानं विचारलं.

"नुसतं फिरायला. बॅलरॅट म्हणून एक गाव आहे, दीडशे वर्षांपूर्वी तिथे सोनं सापडलं होतं. जगभरातून माणसं धावली. अण्णा, तिथे ओढ्यात बसून सोनं धुवायला मिळतं!"

मी एका पायावर तयार. सोनं कुणाला नको आहे?

मेलबर्नहून भाड्याच्या गाडीनं गेलो. गावाचा एक भाग त्या जुन्या काळासारखा मांडून ठेवलाय. लाकडी दुकानं, घोड्याच्या गाड्या, झग्याचा घोळ सावरत चालणाऱ्या बाया. लोहाराच्या भट्टीपाशी मी उभा राहिलो तो हलेना.

"आजोबा, कम लाह! सो स्लो, यू!" अनुया बाही ओढायला लागली. सिंगापूरच्या पोरांना वाक्यामागे 'लाह' लागतोच.

"थांब गं. भाता बघू दे त्याचा."

"भाता इज व्हॉट?"

"भट्टीला फुंकर घालायची पिशवी. आमचा नामदेव लोहार भाता ओढता ओढता झोपायचा, पण हात चालू. आम्ही मुलं त्याच्या कानात ओरडायचो, तर हात थांबायचा आणि डोळे मिटलेलेच!"

नंदा म्हणाली, "अण्णा, हा माणूस इंग्रज आहे, त्याला कशाला नामदेव ऐकवता?" कारण एव्हाना मी ते लोहारालाच सांगत होतो.

मधोमध ओढा होता. काठावर पत्र्याची पसरट घमेली ठेवलेली. घमेल्यात वाळू घ्यायची, पाण्यात गोल गोल हलवायची. माती वाहून जाते, सोनं जड म्हणून तळाला राहतं. मला ते बघताच झारेकरी आठवले. संगमनेरला सोनारगल्लीत ते गटाराकाठची माती झाडून न्यायचे आणि धुवून तिच्यातला सोन्याचा कण काढायचे. एक सोनार फार चिक्कू. झारेकऱ्याला कण मिळू नये म्हणून आपलं धोतर घरीच धुवायचा आणि ते पाणी घंगाळात साठवायचा. एक दिवस बायकोनं ते पाणी तुळशीला घातलं. तेव्हापासून तो रोज सकाळी तुळशीपुढे हात जोडून उभा. लोक म्हणायचे, केवढा भाविक!

"सो द प्लांट गॉट गोल्ड?" अनुयानं विचारलं.

"मंजिऱ्या आल्या फक्त."

नंदा हसली. आम्ही चौघं ओळीनं पाण्याकाठी उकिडवे बसलो होतो. पाणी गार, वर ऊन कडक, आणि माशा अशा की तोंड उघडायची सोय नाही. तरी मी बोलत होतोच.

निशिकांतराव तिथल्या पाट्या वाचून आले होते. डोळे नुसते चमकत होते. "अण्णा, बंदरात जहाजं लागली की खलाशी पळून इकडे यायचे. कधी कधी कप्तानसुद्धा!"

"मग जहाजांचं काय व्हायचं?" मी विचारलं.

"राहायची तिथेच."

नंदानं घमेल्यातून नजर न काढता विचारलं, "आणि बायका?"

"बायका मागून यायच्या असतील."

"का यायच्या असतील?"

निशिकांतराव हसले. त्यांना वाटलं, ती गमतीत आहे. मग ते तिच्याजवळ सरकले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "नंदा, मी त्या मेलबर्नच्या लोकांना हो म्हणून कळवलंय. फेब्रुवारीत जॉइन व्हायचंय. म्हटलं, तुला इथेच सांगावं. बघ ना, कुठून कुठून आली होती माणसं!"

नंदा ताडकन उठली. ती वाकलेली असताना तिचं मंगळसूत्र पुढे लोंबत होतं, ते घमेल्याच्या कडेला अडकलं होतं बहुतेक. उठताना झटका बसला. काळे मणी पाण्यात सांडले, आणि दोन्ही वाट्या त्यांच्यामागून ओढ्याच्या वाळूत गेल्या.

मग नंदाच म्हणाली, "तुटलं."

मी घाईनं म्हटलं, "अगं, वाढलं म्हण."

"इट ब्रोक लाह," अनुया म्हणाली. "वाढलं मीन्स ग्रो, राइट?"

"तसं नव्हे, बाळ. काही शब्द तोंडातून काढायचे नसतात. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. तुझ्या आजीची बांगडी गिरणीच्या पट्ट्यात गेली, हातातून रक्त वाहतंय, तरी म्हणाली, अहो, बांगडी वाढली. मंगळसूत्राला तर..."

"अण्णा," नंदा म्हणाली, "तुटलंय ते."

आणि ती काठावरून दूर जाऊन उभी राहिली. चौघांच्या घरात तिनं आजवर कधी अभद्र शब्द उच्चारला नव्हता. दिवा विझला असंसुद्धा म्हणायची नाही.

निशिकांतराव आणि अनुया पाण्यात उतरले. मी काठावरून हात घातला. तिथला जुन्या वेशातला एक माणूस, टोपी-गॅलिसवाला, चाळण घेऊन मदतीला आला. आता गंमत बघा. आजूबाजूला सगळे सोनंच शोधायला बसलेले. त्यांनी आम्हाला असं जिवावर उदार होऊन वाळू उपसताना पाहिलं आणि त्यांना वाटलं, या लोकांना मोठा खडा लागलाय! एक सरकला, दुसरा सरकला, आणि बघता बघता पंचवीसेक माणसं आमच्या जागेवर तुटून पडली. घमेल्यावर घमेली भरायला लागली. निशिकांतराव ओरडत होते, "प्लीज, प्लीज, इट्स माय वाइफ्स!" पण कोण ऐकतो? वाळू ढवळून ढवळून सगळा गढूळ चिखल झाला. मी आयुष्यात दोनदाच चेंगराचेंगरी पाहिली, एक आमच्या गावच्या जत्रेत बैल उधळला तेव्हा, आणि एक ही. त्या बैलाला निदान काय झालंय ते कळत होतं.

टोपीवाल्यानं ओरडून गर्दी मागे हटवली. अनुयाला एक वाटी सापडली. दुसरी नाहीच.

निशिकांतरावांनी ती तळहातावर घेतली. "अण्णा, ही माहेरची की सासरची?"

दोन्ही एकाच सोनारानं केलेल्या, एकसारख्या. मी काय सांगणार? नंदा म्हणाली, "कुठलीही असू दे," आणि वाटी पर्समध्ये टाकली.

"जाऊ दे गं, तिकडे नवं..." निशिकांतराव बोलता बोलता थांबले. आपण काय बोलतोय ते त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं असावं. तोंड पडलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते परत ओढ्यात गेले.

मी आणि नंदा एका बाकावर चहा घेऊन बसलो. तिथून ते दिसत होते. एकटेच घमेलं हलवत होते, ओतत होते, परत भरत होते.

"अण्णा, तुम्ही म्हणाल, नवऱ्यामागे जावं."

"मी काही म्हटलं का?"

"म्हणा ना मग काहीतरी. एरवी तर थांबत नाही तुम्ही."

मी म्हटलं, "ते शब्द मोडतील असं वाटलं नव्हतं मला."

"मोडला नाही हो त्यांनी," नंदा म्हणाली. "मोडायला तो लक्षात असावा लागतो. मी गणपतीत जे बोलले ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं. आत्ताही ते ती वाटी शोधताहेत. त्यांना वाटतंय, ती सापडली की झालं."

चहा गार झाला. अनुया मध्ये येऊन बसली आणि तिनं आईच्या दंडाला डोकं टेकलं.

बंद व्हायची घंटा झाली तेव्हा निशिकांतराव आले. बोटं पाण्यानं सुरकुतलेली, गुडघ्यांना चिखल. म्हणाले, "उद्या परत येऊ या का?" नंदा म्हणाली, "उद्या विमान आहे."

सिंगापूरला आल्यावर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. निशिकांतराव सामान आवरायला लागले आणि नंदा त्यांच्या शर्टांना इस्त्री करून द्यायला लागली. ते विचारायचे, "जूनच्या सुट्टीत याल ना दोघी?" ती म्हणायची, "नाही." ते म्हणायचे, "बघू." मी एकदा त्यांना गॅलरीत गाठलं. "निशिकांतराव, ती खरंच येणार नाही बरं का."

"येईल हो अण्णा. दर वेळी पहिल्यांदा नाहीच म्हणते, मग येते."

आता ह्याला काय सांगायचं? खरंच दर वेळी असंच झालं होतं.

जानेवारीत हळदीकुंकवाला कॉन्डोतली स्मिता आली. नंदाचा मोकळा गळा बघून म्हणाली, "अय्या, मंगळसूत्र कुठाय?" नंदानं तिला वाण दिलं आणि म्हणाली, "दुरुस्तीला दिलंय." वाटी माझ्या डोळ्यांदेखत कपाटात गेली होती, ओवली कधीच नाही.

फेब्रुवारीत चांगी विमानतळावर निशिकांतराव माझ्या पाया पडले. "येतो, अण्णा." नंदाकडे वळून म्हणाले, "येतो गं." जाणाऱ्यानं तसंच म्हणायचं असतं आणि राहणाऱ्यानं 'या' म्हणायचं असतं. मी म्हटलं, "या." नंदानं अनुयाच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी पाटीवरची विमानांची नावं वाचत उभ्या राहिल्या.

जूनमध्ये ती गेली नाही. डिसेंबरातही नाही. निशिकांतराव एकदा चार दिवस येऊन गेले, पाहुण्यासारखे. आंघोळीला टॉवेल कुठे आहे ते मला विचारलं. पुढच्या वर्षी सगळ्या जगातच मंदी आली, मेलबर्नची कंपनी आटली आणि ते पर्थला गेले. सिंगापूरला परत या म्हणायला नंदानं फोन हातात घेतला होता, मी पाहिलं. तेवढ्यात तिकडूनच त्यांचा फोन आला, पर्थची नोकरी ठरली म्हणून. ती "बरं" म्हणाली.

तिच्याही ऑफिसात माणसं कमी झाली. तिची जागा राहिली, पण हाताखालची बरीच माणसं गेली. एकटीच्या पगारात बुकित तिमाहचं घर ठेवणं जमेना. ज्या घरासाठी ती कुठे गेली नाही, तेच सोडायची पाळी आली. सिमेईला दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं मिळाला. ऑफिसला जवळ, एवढंच. तिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं.

सामान हलवायच्या दिवशी ट्रक खाली उभा होता. अनुया खोक्यांवर नावं लिहीत होती. तिच्या मराठीत आता एवढेच शब्द उरलेत, भांडी, पुस्तकं, देव. नंदा जमिनीवर बसून दोरी बांधत होती, तेवढ्यात फोन वाजला. तिनं उचलून कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि माझ्या हातात दिला.

"अण्णा, काय चाललंय? गडबड कसली ऐकू येतेय?"

"सामान हलवतोय. सिमेईला चाललोय राहायला."

"अरे वा! जागा छान आहे का?"

मी नंदाकडे पाहिलं. तिनं दोरीची गाठ दातांनी ओढली आणि पुढचं खोकं जवळ घेतलं.

"छान आहे," मी म्हटलं.

मग निशिकांतराव पर्थचं सांगायला लागले. समुद्र कसा आहे, हवा कशी कोरडी आहे, रस्ते केवढे रुंद. मी ऐकत राहिलो. ट्रकवाला खालून हॉर्न वाजवत होता. नंदा खोकी एकेक करून दाराबाहेर ठेवत होती, आणि ते अजून सांगतच होते.